बिअरला संसर्ग झालाय का? या प्रश्नामागचा इतिहास

घरी बिअर आंबत ठेवलेल्या भांड्याचं झाकण उघडलं आणि वर पांढुरकी साय दिसली, की पहिली शंका येते: ही बॅच गेली का? शंका जुनीच, पण ती ‘संसर्ग’ या अर्थाने यायला लागून जेमतेम दीडशे वर्षं झाली. त्याआधीही बिअर आंबट व्हायची, नासायची, तिला तार सुटायची. दोष मात्र उन्हाळ्याचा, पाण्याचा, पिंपाचा नाहीतर नशिबाचा.

कारण ठाऊक नसलं तरी उपाय होते. 12व्या शतकात हिल्डेगार्ड ऑफ बिंगेन या जर्मन मठवासिनीने हॉप्स या वेलीच्या फुलांच्या कडूपणामुळे पेयं नासत नाहीत, टिकतात असं लिहून ठेवलं. हॉप्समधली कडू आम्लं ग्रॅम-पॉझिटिव्ह नावाच्या गटातल्या बऱ्याच जीवाणूंना वाढू देत नाहीत, हा त्यामागचा खुलासा फार नंतरचा. जर्मनीतल्या बव्हेरियात 1553 मध्ये 23 एप्रिल ते 29 सप्टेंबर या काळात बिअर करायलाच बंदी घातली गेली. गरम दिवसांतली बिअर बिघडते, तर ती करूच नका, असा सरळ हिशेब. त्याच बव्हेरियाच्या 1516 च्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी एवढेच घटक सांगितले आहेत. साखरेचं अल्कोहोल करणाऱ्या यीस्ट या सूक्ष्मजीवाचं नाव नाही. बिअर घडवणाऱ्याचीच नोंद नसताना ती बिघडवणाऱ्याची कुठून असणार?

हे बदललं ते लुई पाश्चरमुळे, आणि त्यात विज्ञानाइतकाच वाटा रागाचा होता. 1870-71 च्या युद्धात फ्रान्स प्रशियाकडून हरला आणि जर्मन बिअरच्या तोडीची फ्रेंच बिअर करायची, असं पाश्चरने मनावर घेतलं. क्लेर्माँ-फेराँजवळच्या एका छोट्या कारखान्यात त्याने काम सुरू केलं आणि सप्टेंबर 1871 मध्ये तो लंडनच्या व्हिटब्रेड ब्रुअरीत पोचला. तिथल्या पोर्टर बिअरचं यीस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पाहून, यात नको ते जीव शिरले आहेत, असं त्याने तिथल्या व्यवस्थापकांच्या तोंडावर सांगितलं. बिघडून बाजूला ठेवलेला माल त्यांच्याकडे खरोखरच होता. आठवडाभरात तो पुन्हा गेला, तेव्हा ब्रुअरीने स्वतःचा सूक्ष्मदर्शक घेतलेला होता.

1876 मध्ये बिअरवरचा त्याचा ग्रंथ आला. त्यात एका पानभर चित्रात बिअरच्या निरनिराळ्या ‘रोगांचे’ जीव शेजारी शेजारी काढले आहेत: काड्या, साखळ्या, माळेत ओवल्यासारखे गोल मणी. प्रत्येक बिघाडामागे ठरावीक आकाराचा जीव असतो, हा त्या चित्राचा दावा. बिअर ‘आजारी’ पडते ही भाषाही तेव्हा रुळली आणि घरी बिअर करणारे आजही तीच बोलतात. फरक एवढाच की पाश्चर डोळा लावत होता सूक्ष्मदर्शकाला, आणि आपल्यापैकी बहुतेकांकडे नाक, जीभ आणि हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी तरंगती नळी) याखेरीज काही नसतं. म्हणजे नाव पाश्चरनंतरचं आणि हत्यारं त्याच्या आधीची. गोंधळाचं मूळ मला यातच दिसतं.

याच सुमारास इंग्लंडमधल्या बर्टन-अपॉन-ट्रेंटला होरेस ब्राउन या रसायनज्ञाने एक साधी युक्ती रूढ केली. बिअरचा नमुना काचेच्या चंबूत भरून मुद्दाम उबेत ठेवायचा आणि काही दिवसांनी त्यातला गाळ तपासायचा. तळघरात जे घडायला महिने लागतील ते उबेत लवकर घडतं, त्यामुळे कोणता माल टिकेल आणि कोणता आधी विकून टाकायचा हे ठरवता यायचं. घरच्या बिअरसाठीही ही युक्ती तितकीच चांगली आहे आणि ती फारच कमी लोक वापरतात याचं नवल वाटतं. यीस्ट घालण्याआधी थोडा वॉर्ट (म्हणजे न आंबलेला गोड धान्यरस) उकळत्या पाण्यातून काढलेल्या बरणीत घेऊन उबेत ठेवावा. तीनेक दिवसांत तो गढूळ झाला किंवा फसफसला, तर वॉर्ट गार करताना किंवा ओतताना कुठेतरी घाण शिरली आहे. हा नमुना प्यायचा नसतो, हे वेगळं सांगायला नको.

पाश्चरचा रोख मुख्यतः जीवाणूंवर होता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतल्या एमिल ख्रिश्चन हॅन्सनने संशयितांची यादी वाढवली. कार्ल्सबर्गच्या बिअरला घाण वास आणि नकोसा कडूपणा येऊ लागला, तेव्हा दोषी जीवाणू नसून दुसरंच, रानटी यीस्ट आहे, हे त्याने दाखवलं. एकाच पेशीपासून वाढवलेलं शुद्ध यीस्ट कार्ल्सबर्गमध्ये 1883 मध्ये वापरात आलं आणि मालक याकोबसेनने ते इतर ब्रुअरींनाही खुलं केलं. तिथून पुढे एक बिअर, एक यीस्ट, बाकी सगळं परकं, हा नियमच झाला.

मग आला क्लॉसन, तोही कार्ल्सबर्ग ब्रुअरीतलाच. इंग्रजांच्या मुरवलेल्या बिअरला तिची खास चव कशाने येते हे शोधताना त्याला एक संथ वाढणारं यीस्ट सापडलं. 1904 मध्ये त्याने त्याचं नाव ब्रेटॅनोमायसिस ठेवलं. हॅन्सनच्या शिस्तीत जे हाकलून द्यायचं, त्याच्यावरच त्या बिअरची चव उभी होती! ब्रुसेल्सकडची लॅम्बिक ही आंबट बिअर तर उघड्यावर गार होताना हवेतून आणि पिंपांतून जे येईल त्यावरच आंबते. त्यामुळे ब्रेटॅनोमायसिस सापडलं एवढ्यावरून संसर्ग ठरत नाही. करणाऱ्याला ते हवं होतं का, हे आधी विचारावं लागतं.

घरी बिअर करण्याला ब्रिटनमध्ये 1963 पासून परवाना लागेनासा झाला आणि अमेरिकेत 1978 मध्ये संघराज्याच्या पातळीवर कायद्याने वाट मोकळी झाली. कारखान्यांची शंभर वर्षांची धास्ती अशी स्वयंपाकघरात आली, त्यांची प्रयोगशाळा मात्र आली नाही. मग दिसेल त्या गोष्टीवर संशय घेतला जातो. आंबण्याच्या पहिल्या दिवसांतला तपकिरी, चिकट फेस आणि भांड्याच्या कडेला त्याचं वाळलेलं कडं हे निरोगीपणाचं लक्षण. वर तरंगणारे मळकट पांढरे पुंजके बहुधा यीस्टचेच. संशय घ्यावा तो कोरड्या, सुरकुतलेल्या सायीचा, जिच्याखाली बुडबुडे अडकून राहतात. ती रानटी यीस्ट किंवा जीवाणू हवेच्या संपर्कात आल्यावर धरतात. केसाळ, हिरवी-काळी बुरशी असेल तर प्रश्नच मिटला, फेकून द्या.

वास जास्त फसवतो. लोण्यासारखा वास पेडिओकॉकस या जीवाणूचा असू शकतो, पण तो वास देणारं डायअसिटिल हे रसायन नेहमीचं यीस्टही करतं आणि आणखी काही दिवस दिले तर ते परत शोषून घेतं. हिरव्या सफरचंदाचा वास बऱ्याचदा नुसत्या कोवळ्या बिअरचा. औषधी, प्लास्टरपट्टीसारखा वास रानटी यीस्टमुळे येतो, तसाच पाण्यातल्या क्लोरीनमुळेही. व्हिनेगरचा आंबटपणा असेल तर ॲसिटोबॅक्टर हे जीवाणू आणि त्याला लागणारी हवा दोन्ही आत शिरले आहेत. स्वच्छ, दह्यासारखा आंबटपणा लॅक्टोबॅसिलस या जीवाणूंचा. तार सुटली, बिअर तेलासारखी संथ ओघळू लागली, तर पाश्चरच्या चित्रातले ते मणी आठवावेत.

यातलं काही प्यायलं म्हणून माणूस सहसा आजारी पडत नाही. अल्कोहोल, हॉप्स, 4 ते 4.5 च्या आसपासचा पीएच आणि ऑक्सिजनचा अभाव यांच्यापुढे रोगजंतूंचा निभाव लागत नाही. बिन-अल्कोहोलच्या बिअरला हा भरवसा लागू नाही.

खरा धोका बाटलीत असतो. 1952 मध्ये वर्णन झालेलं डायस्टॅटिकस हे यीस्ट स्टार्च तोडणारं विकर सोडतं आणि नेहमीच्या यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनवर, म्हणजे स्टार्चच्या उरलेल्या तुकड्यांवर, जगतं. बिअर दिसते ठीक, वासही ठीक, पण बाटलीतला दाब वाढत जातो. इथे नाकाचा काही उपयोग नाही, हायड्रोमीटरचाच आहे. बाटल्या भरण्याआधी काही दिवसांच्या अंतराने दोनदा घनता मोजावी आणि ती अपेक्षेपेक्षा खाली जाऊन तरीही उतरतच असेल, तर भरणं थांबवावं. भरून झाल्यावर एखादी बाटली उघडताच फेस उसळून उतू गेला, तर उरलेल्या आधी थंड कराव्यात, जाड हातमोजे आणि चष्मा घालून.