इव्हेंटिंगच्या घोड्यांची खरेदी-विक्री

इव्हेंटिंग म्हणजे ड्रेसाज (ठरलेल्या चालींचं प्रदर्शन), क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे ओलांडत दौड) आणि शो-जंपिंग (मैदानात पडत्या दांड्यांवरून उड्या), आणि हा या तिन्ही परीक्षा एकाच रायडरबरोबर देऊ शकेल अशा घोड्याचा व्यवहार. हा खेळ ऑलिंपिकमध्ये १९१२च्या स्टॉकहोमपासून आहे, म्हणून काहीजण हा बाजारही तितकाच जुना धरतात. पण तेव्हा उतरायचे ते फक्त लष्करी अधिकारी. १९४९ला इंग्लंडात बॅडमिंटन या गावी इव्हेंटिंगची स्पर्धा सुरू झाली, पुढे ऑलिंपिकमध्ये नागरिकही उतरू लागले, त्यामुळे हा वेगळा धंदा साधारण त्याच सुमारास उभा राहिला असं मानणं जास्त पटतं.

खरा वाद आहे रक्ताचा, म्हणजे घोड्याच्या जातीचा. आधी क्रॉसकंट्रीच्या दिवशी स्टीपलचेस (अडथळ्यांवरून वेगाची दौड) आणि लांबलचक रस्त्याची दौडही असायची, तेव्हा थरोब्रेड (शर्यतीची वेगवान जात) नाहीतर थरोब्रेड आणि आयरिश ड्राफ्ट (आयर्लंडची दणकट जात) यांचा संकर हेच घोडे मागितले जायचे. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकपर्यंत हे टप्पे गळले आणि एक मत असं झालं की आता ड्रेसाजमध्ये उठून दिसणारा वॉर्मब्लड (युरोपातली खेळासाठी पैदास केलेली जात) घ्यावा, दमाचं बघू नंतर. हे अर्धंच खरं वाटतं, कारण जर्मन रायडर मायकेल युंगला २०१२ आणि २०१६च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्ण देणारा साम हा घोडा जर्मन पैदाशीचा खरा, पण बाप थरोब्रेडच. उंचीचंही तसंच, गिऱ्हाईक सोळा हातांच्या वरचा मागतं (एक हात म्हणजे ४ इंच) आणि न्यूझीलंडच्या मार्क टॉडचा करिष्मा नावाचा घोडा जेमतेम १५.३ हात (१५ हात ३ इंच) होता, तरी १९८४ आणि १९८८ची दोन्ही ऑलिंपिक सुवर्णं त्याच्यावरच आली.

आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात देवमण (शुभ) आहे का, आसूढाळ (अशुभ) तर नाही ना, हे केसांचे भोवरे आधी बघतात. इव्हेंटिंगच्या व्यवहारात आधी पाय बघतात. व्हेट (घोड्यांचा डॉक्टर) पुढच्या पायाच्या मागच्या बाजूने टेंडनवर (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) बोटं फिरवत खाली येतो, कुठे ऊब किंवा गाठ लागते का बघतो, मग पाय दुमडून मिनिटभर धरतो आणि सोडल्या सोडल्या घोडा कडक जमिनीवर दुडकी चालवायला लावतो, पहिल्या चार-सहा पावलांत डोकं वरखाली झालं की समजायचं कुठेतरी दुखतंय. ब्रिटनमध्ये या तपासणीचे पाच टप्पे असतात आणि रक्ताचा नमुना सहा महिने राखून ठेवतात, म्हणजे वेदनाशामक देऊन लंगडा घोडा खपवला असेल तर पुढे पकडता येतं. ही फी वाचवू नये, कारण चुकीचा घोडा क्रॉसकंट्रीच्या पक्क्या अडथळ्यावर गेला की जीव दोघांचाही जाऊ शकतो.

स्वभाव मात्र एक्सरेत दिसत नाही. पाण्याच्या अडथळ्याशी नेऊन बघायचं, थबकला, वास घेतला, कान पुढे केले आणि पायाच्या हलक्या इशाऱ्यावर उतरला तर तो शिकेल. विकणाऱ्याचा रायडर आधी बसू द्यावा, मग आपण.

तयार घोड्यांच्या व्यवहारात ऑलिंपिकचं एक कलम मोठं आहे, घोड्याची मालकी ऑलिंपिक वर्षाच्या १५ जानेवारीपर्यंत रायडरच्याच देशाच्या माणसाकडे असावी लागते. त्यामुळे त्याआधीच्या महिन्यांत घोडे देश बदलतात.

भारतात असे रायडर मुख्यतः लष्करातून आले, १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादा या घोड्यावर सुवर्ण घेतलं. लष्कराबाहेरच्या फवाद मिर्झाचा घोडा सेन्यूर मेडिकॉट मात्र आधी जर्मनीची रायडर बेटिना हॉय हिच्याकडे होता, तो भारतीय मालकाने घेतला आणि २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये त्यावर वैयक्तिक आणि सांघिक अशी दोन रौप्यं आली. मुंबई-पुण्याच्या रेसमधून निवृत्त झालेले थरोब्रेड रायडिंग क्लबांकडे येतात, आणि नवशिक्या रायडरला परवडणारी वाट बहुधा तीच.