माईसाहेबांवरचा तो आरोप खोटा आहे
डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्यांच्या दुसऱ्या पत्नीने, सविता ऊर्फ माईसाहेबांनी, विष देऊन मारलं, ही अफवा आजही पसरवली जाते. एका बाईला या संशयाने आयुष्यभर जाळलं, म्हणून स्पष्ट सांगायला हवं.

रमाबाई 27 मे 1935 रोजी गेल्या. त्यानंतर बाबासाहेब जवळजवळ तेरा वर्षं एकटे होते. मधुमेहाने त्यांना पोखरलं होतं, पाय असह्य दुखायचे, रात्र रात्र झोप नसायची. मुंबईत डॉ. मालवणकरांकडे उपचार सुरू होते, आणि तिथेच काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी, म्हणजेच पुढच्या सविता ऊर्फ माईसाहेबांशी, त्यांनी 15 एप्रिल 1948 रोजी दिल्लीत नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्या सारस्वत ब्राह्मण होत्या. संशयाचं मूळ बरंचसं इथेच आहे, असं मला वाटतं.

आजार लग्नाआधीचा होता, हे लक्षात घ्या. 5 डिसेंबर 1956 च्या रात्रीही त्यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ची प्रस्तावना टेबलावर काढून ठेवायला लावली होती. सकाळी ते झोपेतच गेलेले आढळले. पुढे केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक असल्याचा निष्कर्ष निघाला.

आणि त्याच ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत खुद्द बाबासाहेबांनी आपल्याला आजारातून सावरल्याचं श्रेय दोघांना दिलं आहे: डॉ. मालवणकर आणि माईसाहेब. पहिल्या आवृत्तीत मात्र ती छापलीच गेली नाही.