तेरा वर्षांनंतरचा 'अवतार' आणि ग्रामीण विदर्भातला प्रेक्षक : पार्श्वभूमी

'अवतार : द वे ऑफ वॉटर' हा चित्रपट १६ डिसेंबर २०२२ रोजी देशभर प्रदर्शित झाला, तेव्हा विदर्भातल्या जिल्ह्या-तालुक्याच्या ठिकाणांहून उमटलेल्या प्रतिक्रिया एका सुरातल्या नव्हत्या. पाण्याखालच्या दृश्यांनी बहुतेकांना थक्क केले, याविषयी दुमत नव्हते. मात्र पात्रांची नावे आणि नाती मध्यंतरापर्यंत नीट लागली नाहीत, अशी तक्रार करणारेही पुष्कळ होते. त्याच वेळी, कथेतल्या कुटुंबाला आपले रान सोडून परक्या लोकांच्या आश्रयाला जावे लागते, हा भाग काहींच्या मनात इतर सगळ्यांपेक्षा खोल उतरला. महानगरांतली चर्चा तंत्र, लांबी आणि गल्ला यांच्याभोवती फिरत राहिली. गावाकडचा प्रतिसाद समजून घ्यायचा असेल, तर इथे सिनेमा कोणत्या वाटेने आणि कोणत्या भाषेत पोचत आला, हे पाहावे लागते.

या चित्रपटाला 'बहुप्रतीक्षित' म्हटले गेले, त्या प्रतीक्षेपासूनच हा फरक दिसतो. पहिला भाग डिसेंबर २००९ मध्ये आला आणि २०१० मध्ये दोन उत्तरभागांची घोषणा झाली, त्यांतला पहिला डिसेंबर २०१४ मध्ये येणार होता. ती तारीख वारंवार पुढे गेली, चित्रीकरण २०१७ मध्ये सुरू झाले आणि त्यानंतर करोनाने आणखी विलंब केला. परंतु वाट पाहण्यासाठी आधी पहिला भाग मोठ्या पडद्यावर पाहिलेला असावा लागतो. २००९ मध्ये त्रिमिती पडदे मोठ्या शहरांपुरतेच होते, आणि तालुक्याच्या थेटरात चष्मा लावून पाहिलेला सिनेमा म्हणजे अनेकांसाठी 'छोटा चेतन'च होता. ग्रामीण विदर्भातल्या बहुतेकांना पहिला 'अवतार' पुढे टीव्हीवर, जाहिरातींच्या मधूनमधून, हिंदीत भेटला. २०२२ मध्ये तिकिटाच्या रांगेत उभी असलेली कॉलेजातली मुले पहिल्या भागाच्या वेळी बालवाडीत किंवा फार तर प्राथमिक शाळेत होती. तेरा वर्षांची प्रतीक्षा त्यांची नव्हतीच. ही मुले आपल्या तालुक्याच्या गावी हा पडदा, हा आवाज आणि हा चष्मा कधी येतो, याची वाट पाहत होती.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जत्रेतल्या तंबूत दाखवले जाणारे टूरिंग टॉकीजचे खेळ, मग तालुक्याची एकपडदा थेटरे, मग ऐंशीच्या दशकात गावोगावी निघालेली व्हिडिओ सेंटरे, असा तो प्रवास आहे. रिळांच्या पेट्या मोठ्या शहरांत फिरून झाल्यावरच लहान गावाकडे वळत, त्यामुळे नवा सिनेमा आठवडेच काय, कधी महिने उशिरा लागे. २००५ नंतर उपग्रहावरून चित्रपट पाठवण्याची सोय पसरत गेली आणि हा उशीर संपला, पण तोवर कित्येक थेटरांची मंगल कार्यालये आणि गोदामे झाली होती. करोनाच्या दोन टाळेबंदींनी उरलेल्यांपैकी अनेकांची उरलीसुरली धुगधुगीही घालवली. राज्यातली चित्रपटगृहे २२ ऑक्टोबर २०२१ रोजी पुन्हा उघडली, त्यानंतर विज्ञानकथेचा एवढा मोठा पाश्चात्त्य पट लहान गावांपर्यंत येण्याची ही पहिलीच वेळ होती, असे म्हणायला हरकत नाही.

भाषेचा प्रश्न मात्र थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. १९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदी आवाजात भारतात आला आणि त्याच्या यशाने डबिंगचा बाजार खऱ्या अर्थाने उघडला. इंग्रजी न येणारा शेतकरी, शेतमजूर, शाळकरी मूल पहिल्यांदाच विज्ञानकथेच्या आत शिरू शकले. डायनासोर पाहायला बैलगाडीच्या वाटेवरची गावेच्या गावे लोटली, त्याचे श्रेय त्या हिंदी आवाजाला आहे. पण त्याच वेळी एक गृहीतही पक्के झाले, की मराठी प्रेक्षकाला हिंदी पुरते. पहिला 'अवतार' इंग्रजीसह हिंदी, तामिळ आणि तेलुगूत आला. दुसऱ्या भागाच्या वेळी त्यांत कन्नड आणि मल्याळमची भर पडली. मराठी तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती.

हा निर्णय वादग्रस्त आहे आणि त्याचे समर्थन तीन अंगांनी केले जाते. पहिले, मराठी माणसाला हिंदी कळते. दुसरे, मराठी आवृत्तीमुळे मूळ मराठी चित्रपटांचे पडदे हिरावले जातील. तिसरे, खर्च निघणार नाही. यांपैकी दुसरा मुद्दा गांभीर्याने घेण्यासारखा आहे, कारण मराठी चित्रपटाला स्वतःच्याच राज्यात खेळ मिळवण्यासाठी झगडावे लागते. २०१५ मध्ये राज्य सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांना मराठी चित्रपटासाठी मोक्याच्या वेळेतला खेळ राखून ठेवायला सांगितले, ते याच कारणाने. मात्र या भीतीचा अनुभव इतर भाषांनी घेऊन झाला आहे. कर्नाटकात साठच्या दशकापासून डबिंगवर अघोषित बंदी होती. स्पर्धेचे नियमन करणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०१५ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला आणि पुढे कन्नड आवृत्त्या रीतसर येऊ लागल्या. त्यामुळे कन्नड चित्रपट बुडाला असे झाले नाही. २०२२ हे वर्ष तर त्याच्यासाठी देशभर गाजलेले वर्ष ठरले. खर्चाचा मुद्दाही तितकासा टिकत नाही. २०११ च्या जनगणनेत कन्नड मातृभाषकांची संख्या सुमारे ४.३७ कोटी, मल्याळमची ३.४८ कोटी आणि मराठीची ८.३ कोटी आहे. २००७ मध्ये 'स्पायडर-मॅन'चा तिसरा भाग भोजपुरीतही आला होता. बंगालीही अशीच वगळली गेली हे खरे, पण एकावरच्या अन्यायाने दुसऱ्यावरचा अन्याय सुसह्य होत नाही.

उरतो पहिला मुद्दा, आणि विदर्भाच्या बाबतीत त्याची मुळे जुनी आहेत. चित्रपट वितरणाच्या धंद्यात देशाचे जे विभाग पाडलेले आहेत, त्यांना सर्किट म्हणतात आणि विदर्भ आजही 'सी. पी. बेरार' सर्किटमध्ये मोडतो. पश्चिम महाराष्ट्र वेगळ्या विभागात, मराठवाड्याचा संबंध जुन्या निजामी विभागाशी, आणि विदर्भ मात्र छत्तीसगड आणि मध्य प्रदेशाच्या काही जिल्ह्यांच्या सोबत. हे नाव ज्या प्रांताचे, तो मध्य प्रांत व वऱ्हाड केव्हाच इतिहासजमा झाला. नागपूर त्याची राजधानी होते. १९५६ मध्ये विदर्भाचे तेव्हाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, २००० मध्ये छत्तीसगड वेगळा झाला आणि दरम्यान विदर्भाच्या आठाचे अकरा जिल्हे झाले. राज्यांचे नकाशे इतके बदलले, तरी सिनेमाचा नकाशा जागचा हलला नाही. रायपूर, जबलपूर आणि यवतमाळ यांचा हिशेब एकाच खात्यात मांडला जात असेल, तर त्या खात्याची भाषा हिंदी ठरणार, हे ओघाने आलेच. अमरावती हे या वितरणाचे जुने केंद्र; तिथून चित्रपट निघत, तेव्हा पुढचे गाव वऱ्हाडी बोलते की छत्तीसगढी, याने व्यवहारात काही फरक पडत नसे.

या व्यवस्थेचा परिणाम गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला सर्वांत स्पष्ट दिसतो. सिरोंच्याचा तेलुगू बोलणारा माणूस नदी ओलांडून तेलंगणात गेला, तर त्याला हा चित्रपट मायबोलीत पाहता येत होता. गोंदियाच्या सीमेवरच्या हिंदी बोलणाऱ्याला तो घरच्या भाषेत मिळाला. वर्धा, वाशीम किंवा बुलढाण्याचा मराठी बोलणारा शेतकरी तेवढा स्वतःच्या राज्यात राहून दुसऱ्याच्या भाषेत पाहत होता. त्याला हिंदी कळत नाही असे नाही. पण बाजारातली, टीव्हीवरची हिंदी कळणे वेगळे आणि अनोळखी ग्रहावरच्या टोळ्या, त्यांची नाती, त्यांचे विधी आणि त्यांचे देवत्व हे सगळे तीन तास हिंदीतून मनात साठवणे वेगळे. नावे आणि नाती लागली नाहीत, ही तक्रार आळसातून आलेली नव्हती. विशेषतः म्हाताऱ्या बायका नातवंडांसोबत आल्या होत्या, त्यांना दर थोड्या वेळाने शेजारच्या मुलाला विचारावे लागत होते.

आणि तरीही सिनेमा मराठीत आला, तो थेटराबाहेर. खेळ सुटल्यावर एसटी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर पोरे न आलेल्यांना गोष्ट सांगत, ती वऱ्हाडीत. "बाप्पा, केवढा मासा हाय थो! अन् थ्याले सारं समजते," असे एक सांगे, आणि दुसरा त्याला मध्येच तोडून म्हणे, "अरे पण थे बिचारे आपलं घर सोडून आले, तं इथंबी थ्यायले सुखानं राहू नाही देऊन राहिले." प्रतिक्रियेचा खरा पाठ हा आहे. मराठी आवृत्ती निघाली असती, तर ती बहुधा मुंबई-पुण्याच्या प्रमाण मराठीत निघाली असती आणि तिच्याबद्दलही इकडे नाराजी उमटली असती. तो वाद मात्र घरातला वाद ठरला असता.

लांबीविषयीच्या प्रतिक्रियेला वेगळी पार्श्वभूमी आहे. पहिला भाग १६२ मिनिटांचा होता, हा १९२ मिनिटांचा. शहरांत त्यावर पुष्कळ नापसंती व्यक्त झाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या झाडीपट्टीत ती फारशी ऐकू आली नाही, यात नवल नाही. दिवाळीनंतर धान निघाले की तिथे मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि नाटके यांचा हंगाम सुरू होतो, तो होळीपर्यंत चालतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाहून निघणाऱ्या नाटक मंडळींची नाटके रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतात आणि लोक थंडीत शाल पांघरून, तिकीट काढून ती शेवटपर्यंत पाहतात. ज्या प्रेक्षकाला रात्रभर बसण्याची सवय आहे, त्याला तीन तासांचे भय नाही. अडचण होती ती शेवटच्या बसची. सहाचा खेळ सव्वानऊच्या पुढे सुटला, तर त्यानंतर गावाकडे जायला एसटी नसे, म्हणून मोटारसायकलवाले सोडले तर बाकीच्यांनी दुपारचाच खेळ धरला. कापूस पट्ट्यात डिसेंबर हा वेचणीचा महिना, त्यामुळे तिथे दुपारही मोकळी नव्हती. सेकंदाला चोवीस चौकटी की अठ्ठेचाळीस, या शहरी चर्चेला इथल्या बहुतेक पडद्यांवर काही अर्थच नव्हता.

विस्थापनाच्या कथेला मिळालेला प्रतिसाद मात्र पहिल्या भागापासूनचा आहे; त्यात खनिजासाठी त्या ग्रहावरच्या टोळीचे रान उद्ध्वस्त केले जाते. फेब्रुवारी २०१० मध्ये ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरिया कोंध आदिवासींच्या वतीने एका अमेरिकी सिनेनियतकालिकात जाहिरात देऊन 'अवतार'च्या दिग्दर्शकाला मदतीचे आवाहन करण्यात आले होते. त्याच वर्षी केंद्राने तिथल्या खाणीला परवानगी नाकारली आणि २०१३ मध्ये बाराही ग्रामसभांनी खाणीच्या विरोधात कौल दिला. विदर्भात तर याहून जवळची उदाहरणे होती. पहिला भाग आला त्याच वर्षी, २००९ मध्ये, धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्या गावाची घोषणा तोवर राज्यभर पोचली होती. एटापल्ली तालुक्यात सुरजागडचा डोंगर आहे. तिथे माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, दर जानेवारीत यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात लोहखनिज आहे. खाणपट्टा २००७ मध्ये दिला गेला, डिसेंबर २०१६ मध्ये तिथली वाहने मोठ्या संख्येने जाळण्यात आली, काम थांबले आणि २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाले. पडद्यावर पवित्र झाड पडताना या भागातल्या तरुणांना काय दिसले असेल, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

दुसऱ्या भागात गोष्ट पुढे सरकते. रान सोडून आलेले कुटुंब समुद्रकाठच्या लोकांत राहू लागते, त्यांच्या मुलांना तिथली मुले हिणवतात, श्वास धरण्यापासून सारे नव्याने शिकावे लागते. गोसीखुर्द धरणाचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले आणि वैनगंगेकाठची गावे पुढची कित्येक वर्षे टप्प्याटप्प्याने उठत गेली. मेळघाटातली गावे व्याघ्र प्रकल्पासाठी हलवली गेली. पुनर्वसनाच्या वस्तीत वाढलेल्या मुलाला नव्या शाळेत 'धरणवाला' म्हणून चिडवले जाणे म्हणजे काय, हे ठाऊक असते. समीक्षकांना हा मधला भाग संथ वाटला. मला तो चित्रपटाचा गाभा वाटतो, आणि इकडच्या प्रेक्षकाने तो अचूक ओळखला.

त्यानंतरच्या घडामोडी भाषेच्या प्रश्नाकडेच परत नेतात. दोनच आठवड्यांनी, ३० डिसेंबर २०२२ रोजी 'वेड' हा मराठी चित्रपट आला. तो तेलुगू चित्रपटावर बेतलेला होता आणि राज्यभर तुफान चालला. मराठीतला खेळ भरत नाही, हे म्हणणे त्या महिन्यात तरी कुणाला करता आले नाही. २५ जानेवारीला 'पठाण' आल्यावर उरलेले पडदे तिकडे गेले. जून २०२३ मध्ये 'अवतार'चा दुसरा भाग मोबाइलवर उपलब्ध झाला. तिथे पडद्यांची टंचाई नसते, खेळांच्या वेळा राखून ठेवाव्या लागत नाहीत, मूळ मराठी चित्रपटाची जागा जात नाही आणि सी. पी. बेरारची हद्दही लागू होत नाही. तरीही भाषांच्या यादीत इंग्रजी, हिंदी, तामिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम याच सहा भाषा होत्या.