बेदी आणि अंडरवूड: नाव एक, कला दोन

सर्वश्रेष्ठ डावखुरा फिरकी गोलंदाज कोण, हा वाद भारताचा बिशनसिंग बेदी आणि इंग्लंडचा डेरेक अंडरवूड यांच्यापर्यंत आला की हमखास अडकतो. आधी आकडे निघतात. अंडरवूड ८६ कसोटींत २९७ बळी, सरासरी २५.८३. बेदी ६७ कसोटींत २६६ बळी, सरासरी २८.७१. एक जण म्हणतो, विषय संपला. दुसरा म्हणतो, अरे, बेदीचा चेंडू हवेत कसा यायचा ते बघ आणि मग बोल. मला दोघांचंही पटतं, कारण ते एकाच पाटीखाली बसवलेल्या दोन निरनिराळ्या कलांबद्दल बोलत असतात.

पाटी खरीच आहे. दोघंही डावखुरे, दोघंही बोटांनी चेंडू फिरवणारे. (कुलदीप यादवसारखे मनगटाने फिरवणारे वेगळे. त्यांचा नेहमीचा चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत वळतो.) बेदी-अंडरवूडचा चेंडू टप्पा पडल्यावर लेगकडून ऑफकडे जायचा, आणि मधूनच एखादा न वळता सरळ आत घुसायचा, तो आर्म बॉल. साम्य इथे संपतं.

बेदीचं निम्मं काम टप्पा पडायच्या आधीच झालेलं असायचं. उंची दिलेला चेंडू म्हणजे वर फेकलेला चेंडू, असा समज फार पसरलाय. नुसता वर फेकलेला चेंडू कोणीही प्रेक्षकांत भिरकावेल. बेदीच्या चेंडूवर बोटांनी दिलेली भरपूर फिरकी असायची. चेंडू पुढच्या दिशेने फिरत असेल तर हवेचा दाब त्याला खाली ओढतो, आणि तो फलंदाजाच्या अंदाजापेक्षा आधी पडतो. बाजूला फिरत असेल तर हवेतच किंचित आत सरकतो आणि टप्प्यानंतर बाहेर जातो. फलंदाजाला वाटतं, चेंडू आपल्या पुढ्यात आलाय, ड्राइव्ह मारावा. तो पाय टाकतो, आणि चेंडू वीतभर आधीच पडलेला असतो. मग कव्हरला झेल, नाहीतर यष्टिचीत. त्यात बेदीची क्रिया अशी की चार-दोन पावलं, अंग आडवं वळलेलं, हात सहज फिरून खाली, आणि एकाच लयीत वेग मात्र प्रत्येक चेंडूला जरासा वेगळा. फलंदाजाला हातावरून काही कळायचं नाही.

अशी गोलंदाजी महागात पडते, असं म्हणणाऱ्यांसाठी १९७५च्या विश्वचषकातला पूर्व आफ्रिकेविरुद्धचा सामना आहे. लीड्सला बेदीची १२ षटकं, त्यातली ८ निर्धाव, ६ धावा, १ बळी. आणि फिरकीला मदत मिळाल्याशिवाय तो चालायचा नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी १९७७चं पर्थ. उसळत्या खेळपट्टीवर त्याने दोन्ही डावांत पाच-पाच बळी घेतले. समोरच्या ऑस्ट्रेलियन संघातले मोठे खेळाडू तेव्हा केरी पॅकरच्या बंडखोर मालिकेत गेले होते, हे खरं, पण खेळपट्टी काही पॅकरकडे गेली नव्हती.

याच बेदीमुळे राजिंदर गोयल आणि आपला पद्माकर शिवलकर हे डावखुरे फिरकी गोलंदाज एकही कसोटी खेळू शकले नाहीत. रणजीत सर्वाधिक ६३७ बळी घेणारा गोयल, आणि १९७३च्या अंतिम सामन्यात चेपॉकवर तमिळनाडूचे १६ धावांत ८ आणि १८ धावांत ५ बळी घेणारा शिवलकर. ही हळहळ अजून जात नाही.

अंडरवूडकडे वळलं की सगळंच उलटं. फिरकी गोलंदाजाच्या मानाने लांब धाव, वेग जवळजवळ मध्यमगती, चेंडू सपाट आणि यष्ट्यांवर. पुढे सरसावायला वेळच नाही. तो चेंडू फिरवायचा त्यापेक्षा कापायचा जास्त, म्हणजे बोटं चेंडूवरून झटकन ओढायचा. इंग्लंडमध्ये तेव्हा खेळपट्ट्या सामन्यादरम्यान पावसापासून पूर्ण झाकत नसत. ओली खेळपट्टी सुकायला लागली की वरचा थर चेंडूला पकडतो, आणि अंडरवूडच्या वेगाने आलेला चेंडू वळतोही आणि छातीपर्यंत उसळतोही. बेदीचा चेंडू अशा वेळी हळू वळला असता, आणि मागे जाऊन खेळायला फलंदाजाला उसंत मिळाली असती.

१९६८ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची ओव्हल कसोटी हे याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. शेवटच्या दिवशी पावसाने मैदानाचं तळं केलं, प्रेक्षकांनी उतरून पाणी काढायला मदत केली, आणि खेळ सुरू झाल्यावर अंडरवूडने शेवटचे चार बळी २७ चेंडूंत घेतले. सगळे क्षेत्ररक्षक फलंदाजाभोवती कोंडाळं करून उभे, शेवटचा बळी इन्व्हरॅरिटी पायचीत, आणि दिवस संपायला जेमतेम सहा मिनिटं. त्या डावात ५० धावांत ७ बळी.

पण त्याला 'पावसातला गोलंदाज' म्हणून हिणवणं हा सरळ अन्याय आहे, आणि हे मी बेदीचा चाहता असूनही म्हणतो. १९७६-७७मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला. कोरड्या खेळपट्ट्या, आणि समोर कर्णधार खुद्द बेदी. अंडरवूडने पाच कसोटींत २९ बळी घेतले आणि इंग्लंडने मालिका ३-१ने जिंकली. सुनील गावस्करला कसोटीत सर्वाधिक वेळा, तब्बल १२ वेळा बाद केलं ते अंडरवूडनेच. फिरकी खेळण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता, त्याला पुढे येऊ न देता, मागेही फार जाऊ न देता, क्रीजमध्येच अडकवणं ही लहान कला नाही.

ही दुफळी त्यांच्या आधीपासूनची आहे. यॉर्कशायरमध्येच विल्फ्रेड ऱ्होड्स हवेत चकवणारा, तर त्याच्यानंतर आलेला हेडली व्हेरिटी उंच आणि वेगवान. आज रवींद्र जडेजा अंडरवूडच्या बाजूचा वाटतो: झटपट षटक, यष्ट्यांवर मारा, एक चेंडू वळणार आणि पुढचा सरळ घुसणार. श्रीलंकेचा रंगना हेराथ बेदीच्या बाजूचा.

माझ्या मते हेराथमुळेच हा वाद निकालाकडे झुकतो. मुरलीधरनच्या सावलीत वर्षं काढून त्याने ४३३ कसोटी बळी घेतले, डावखुऱ्या फिरकी गोलंदाजांत सर्वाधिक. चौथ्या डावात, म्हणजे जिथे अंडरवूडसारख्याची सद्दी असायला हवी तिथे, त्याने १२ वेळा पाच बळी टिपले, आणि तेही चेंडू हवेत सोडून. सुकत्या खेळपट्टीवर मी आजही डोळे मिटून अंडरवूडला चेंडू देईन. पण तशा खेळपट्ट्या आता उरल्या नाहीत, आणि बेदीची कला मात्र झाकलेल्या खेळपट्टीवरही तशीच चालते. म्हणून माझं मत बेदीला.