कला-माध्यम व्यवस्थापनाची पदवी: फी नको, एकूण खर्च विचारा

"पोराला नाटकाचं वेड, पोरगी यूट्यूबवर अहिराणी गाणी टाकते. पोटापाण्याचं काय शिकवायचं?" बारावीचा निकाल लागला की खान्देशातून आमच्याकडे सल्ल्याला येणारे पालक हेच विचारतात. मग विषय फीवर येतो, आणि तिथेच घोळ होतो.

समजा, पुण्यातल्या कॉलेजची फी वर्षाला 40 हजार आहे. खोली आणि मेसचे महिन्याला 10 हजार धरले, तर दहा महिन्यांचा 1 लाख होतो. म्हणजे तीन वर्षांत फीचे 1 लाख 20 हजार आणि राहण्या-जेवणाचे 3 लाख. जाहिरातीत पहिलाच आकडा छापलेला असतो. लॅपटॉप आणि दिवाळी-उन्हाळ्याच्या गाडीभाड्याचा तर कुणी विषयच काढत नाही.

म्हणून बहुतेकांना आम्ही सांगतो: पदवी घराजवळून घ्या, खास शिक्षणाला बाहेर जा. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाशी संलग्न कॉलेजातून कला किंवा वाणिज्य शाखेची पदवी घ्यायची आणि वाचलेला पैसा पुढच्या शिक्षणाला लावायचा. पत्रकारिता जळगावच्या याच विद्यापीठातही शिकता येते. पुण्यात 'रानडे' म्हणून ओळखला जाणारा विद्यापीठाचा विभाग आहे, अमरावतीत भारतीय जनसंचार संस्थेचं केंद्र आहे. वाणिज्य म्हटलं की पोरं नाक मुरडतात. पण नाटकाचा दौरा ठरवणं, प्रायोजक गाठणं, करार वाचणं, कलाकारांचं मानधन वेळेवर देणं, ही सगळी हिशेबाचीच कामं आहेत. तालमीसोबत हे जमणारं माणूस गावात एखादंच असतं.

'मीडिया मॅनेजमेंट' या नावाला भुलू नका. पदवीवर शिक्का कुणाचा, विद्यापीठाचा की नुसत्या संस्थेचा, हे आधी विचारा. बीबीए आणि बीएमएस हे व्यवस्थापनाचे पदवी अभ्यासक्रम 2024-25 पासून एआयसीटीई या तंत्र-व्यवस्थापन शिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी सीईटी ही प्रवेश परीक्षा सुरू झाली. त्यानंतर काही कॉलेजांनी अभ्यासक्रमाचं नावच बदललं, त्यामुळे पाटी न वाचता विषयांची यादी मागा. अंदाजपत्रक, कॉपीराइट, जाहिरात विक्री, कार्यक्रमाचे परवाने यांतलं काहीच त्यात नसेल, तर 'मॅनेजमेंट' फक्त पाटीवर आहे. स्टुडिओ दाखवतील, छान असतो. कॅमेरा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हातात कधी येतो, हे मात्र मुलांनाच गाठून विचारा. ऑफिसात नव्हे, कॅन्टीनमध्ये.

शिष्यवृत्तीचं प्रवेशाआधीच बघा. अभ्यासक्रम महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या यादीत नसेल, तर नंतर हातपाय मारून उपयोग होत नाही. मुलींच्या फी माफीचा जुलै 2024 चा शासन निर्णय ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींसाठी आहे. त्याला कुटुंबाचं उत्पन्न 8 लाखांच्या आत हवं, अभ्यासक्रम व्यावसायिक हवा आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेला प्रवेश त्यात बसत नाही. नंदुरबारकडच्या आदिवासी विद्यार्थ्यांनी शासकीय वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर राहण्या-जेवणासाठी थेट खात्यात पैसे देणाऱ्या राज्याच्या स्वयं योजनेची चौकशी करावी.

आमचं म्हणाल, तर आम्ही कोणत्याही कॉलेजकडून कमिशन घेत नाही. पहिल्या भेटीला तुमच्याकडूनही काही नाही. येताना गुणपत्रिका, उत्पन्नाचा आणि जातीचा दाखला आणा, आणि घरी आलेली सगळी चकचकीत माहितीपत्रकंही. खर्चाचा कागद समोरासमोर बसून मांडू.