ताईने मला बाहुली केली की केलं?

नववीतल्या भाचीची इंग्रजीची वही परवा तलावपाळीच्या कट्ट्यावर उघडली. तिच्या नौपाड्यातल्या क्लासात एक हमखास युक्ती शिकवलीय: क्रियापदाला 'काय?' विचारा, डायरेक्ट ऑब्जेक्ट मिळेल; 'कोणाला?' विचारा, इनडायरेक्ट मिळेल. 'शी मेड हिम अ केक'ला युक्ती लागू पडली. 'दे मेड हिम कॅप्टन'लाही तिने तीच लावली आणि लाल फुली मिळवली.

फुली बरोबरच आहे. केक त्याच्यासाठी झाला. कॅप्टन मात्र तो स्वतःच झाला. म्हणजे इथे 'हिम' हेच थेट कर्म आणि 'कॅप्टन' त्याचं पूरक, ऑब्जेक्ट कॉम्प्लिमेंट. मध्ये 'आहे' घालून बघा: 'तो कॅप्टन आहे' जमतं, 'तो केक आहे' म्हटलं की हसू येतं. 'कॉल मी अ टॅक्सी'वर 'बरं, आजपासून तू टॅक्सी' हा जुना विनोद याच फटीतला.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पुल्लिंगी 'त्याला'साठी दोन रूपं होती: थेट कर्माला 'हिने', अप्रत्यक्ष कर्माला 'हिम'. पुढे 'हिने' गळालं आणि 'हिम'वर दोन्ही कामं आली.

आपण तर दोन्हीकडे 'ला'च लावतो. तरी घोटाळा होत नाही, कारण खूण क्रियापदाच्या शेपटीत असते. भूतकाळातल्या 'ने'वाल्या वाक्यात क्रियापद कर्त्याकडे ढुंकून बघत नाही. बिनप्रत्ययाच्या कर्माचं लिंग-वचन घेतं. 'ताईने मला बाहुली केली': चिंध्यांची बाहुली, ती कर्म, म्हणून 'केली'. 'ताईने मला बाहुली केलं': गॅदरिंगसाठी गाल रंगवले, दोन वेण्या घातल्या. इथे कर्म मी, पण मला 'ला' चिकटलेला; बाहुली नुसती पूरक. क्रियापदाला धरायला कुणीच उरत नाही, म्हणून ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. शाळेत पाठ केलेले कर्मणी आणि भावे प्रयोग ते हेच. (बोलताना काही जण दुसरीकडेही 'केली' म्हणतात, ते सोडा.)

यावरून 'मराठी जगातली सर्वात शास्त्रशुद्ध भाषा' असा फॉरवर्ड कृपया फिरवू नका. 'ताई मला बाहुली करते' म्हणून बघा. क्रियापद ताईकडे वळलं, खूण पुसली गेली, आणि आपणही इंग्रजीच्याच फटीत.

भाचीने हे वाक्य तीनदा पुटपुटलं, फुलीखाली पेन्सिलीने 'केलं' लिहिलं आणि भेळवाल्याकडे पळाली.