खाद्यपदार्थ परत मागवणे

खाद्यपदार्थ परत मागवणे : बाजारात गेलेला खाद्यपदार्थ आरोग्यास अपायकारक आहे किंवा तसा असावा असा सबळ संशय आहे, हे लक्षात आल्यावर उत्पादकाने, आयातदाराने किंवा विक्रेत्याने तो ग्राहकाच्या घरी पोहोचलेला असला तरी परत घेण्याची कार्यवाही. व्यवहारात ‘रिकॉल’ हाच शब्द रुळला आहे.

संज्ञेबाबत काही गोंधळ आढळतो. युरोपीय संघाच्या २००२ च्या १७८ क्रमांकाच्या विनियमात (कलम १९) दोन वेगळ्या क्रिया मानल्या आहेत. माल अजून गोदामात किंवा दुकानाच्या फळीवर असेल, तर तो ‘काढून घेणे’. तो ग्राहकाच्या हाती पडला असण्याची शक्यता असेल, तर ‘परत मागवणे’. भारताच्या अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ मधील कलम २८ मात्र माल बाजारातून आणि ग्राहकांकडून काढून घेण्याबद्दल एका दमात बोलते. तपशीलवार कार्यपद्धती २०१७ च्या विनियमांनी घालून दिली. प्रस्तुत नोंदीत युरोपीय भेद ग्राह्य धरला आहे, कारण ग्राहकाच्या दृष्टीने तोच कामाचा आहे : पहिल्या प्रकारात त्याला काही करायचे नसते, दुसऱ्यात सगळी भिस्त त्याच्यावरच असते.

उगम : या प्रथेची सुरुवात कोठून धरायची हे व्याख्येवर ठरते. सदोष अन्न जप्त करून नष्ट करणे फार जुने आहे. अमेरिकेत १९१९–२० च्या सुमारास बाटलीबंद ऑलिव्हमधून बोटुलिझमची (जंतूच्या ‘बोटुलिनम’ विषाने होणारी जीवघेणी) विषबाधा झाली, तेव्हाही साठे जप्त झाले होते. परंतु जप्ती सरकार करते आणि माल परत उत्पादक मागवतो, म्हणून ही उदाहरणे पूर्वपीठिकेतच घालावी लागतात. पुष्कळदा १९३७ मधील ‘एलिक्झिर सल्फॅनिलामाइड’ प्रकरणापासून आरंभ केला जातो. ते अन्न नव्हते, औषध होते. तरी आजच्या पद्धतीचे जवळजवळ सर्व घटक त्यात दिसतात. डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात बनवलेल्या या औषधाने शंभरावर माणसे दगावली. कंपनीने विक्रेत्यांना व डॉक्टरांना तारा केल्या, पण पहिल्या तारांत माल परत पाठवा एवढेच होते. जिवाला धोका आहे हा मजकूर सरकारी खात्याने आग्रह धरल्यावर दुसऱ्या तारेत आला. विषारी औषध विकणे त्या वेळच्या कायद्याने गुन्हाच नव्हता. ‘एलिक्झिर’ म्हणवणाऱ्या औषधात अल्कोहोल हवे, ते यात नव्हते, एवढ्या नावाच्या चुकीवर जप्ती करता आली. निरीक्षकांनी विक्रीच्या पावत्या चाळत २४० गॅलनपैकी २३४ गॅलनांहून थोडे अधिक औषध परत मिळवले. उरलेल्या थोड्या गॅलनांनीच ते मृत्यू घडवले होते. पुढल्याच वर्षी नवा कायदा झाला.

काटेकोरपणे अन्नापुरते बोलायचे तर १९७१ चे डबाबंद सूपचे प्रकरण अधिक प्रातिनिधिक मानावे लागेल. न्यूयॉर्क राज्यात ‘व्हिशिस्वाझ’ हे थंडच खायचे बटाट्याचे सूप घेऊन एक गृहस्थ बोटुलिझमने दगावले, पत्नी गंभीर आजारी झाली. संशयित खेपेत ६,४४४ डबे होते. पुढे कंपनीचा सगळाच माल संशयाच्या फेऱ्यात आला आणि महिनाभराच्या आतच तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची (एफडीए) मार्गदर्शक तत्त्वे १९७८ मध्ये निघाली. माल परत मागवण्याची सक्ती करण्याचा सर्वसाधारण अधिकार मात्र एफडीएला २०११ च्या कायद्यानेच मिळाला. तोवर, बालकांच्या दुधाच्या भुकटीसारखे अपवाद सोडता, ही कारवाई कायद्याच्या भाषेत ‘स्वेच्छेची’ होती. आजही बहुतेक वेळा ती तशीच असते. स्वेच्छेमागे किती दडपण असते हा भाग निराळा.

वर्गवारी : अमेरिकी पद्धतीत तीन वर्ग आहेत. पहिल्यात गंभीर इजा किंवा मृत्यू संभवतो, दुसऱ्यात तात्पुरता किंवा बरा होणारा त्रास, तिसऱ्यात अपाय संभवत नाही पण नियमभंग असतो. प्रकरणाचा वर्ग पुष्कळदा माल परत मागवायला सुरुवात झाल्यानंतर काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी जाहीर होतो. तेव्हा वर्ग कळेपर्यंत थांबण्यात अर्थ नाही.

कारणे : रोगजंतू, न सांगितलेले ॲलर्जीकारक घटक, काच-धातूचे तुकडे, रासायनिक दूषण. अनेक प्रगत देशांत ॲलर्जीकारक घटकांची प्रकरणे वरच्या क्रमांकावर असतात, आणि त्यांत अन्न बिघडलेले नसतेच. पॅकिंगच्या लाइनवर आधीच्या मालाच्या वेष्टनाचा रोल तसाच राहतो आणि निर्दोष पदार्थ चुकीच्या पाकिटात जातो. इतरांना तो निर्धोक असतो, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्याला प्राणघातक ठरू शकतो.

दोष कच्च्या मालात असला की व्याप्ती फुगते. २००८–०९ मध्ये अमेरिकेतील एका कंपनीच्या शेंगदाणा-लगद्यात साल्मोनेला हा रोगजंतू आढळला. ७१४ रुग्ण, ९ मृत्यू आणि ३,९०० हून अधिक उत्पादने परत, कारण तो लगदा बिस्किटांपासून आइसक्रीमपर्यंत सर्वत्र गेला होता. दक्षिण आफ्रिकेतील लिस्टिरिया या रोगजंतूची साथ २०१७ च्या आरंभापासून पसरत होती. ‘पोलोनी’ या तयार मांसपदार्थात तिचे मूळ असल्याचे मार्च २०१८ मध्ये जाहीर झाले. रुग्ण १,०६० आणि मृत्यू २१६.

बॅच क्रमांक : मालाचा माग घेता येणे हाच या व्यवस्थेचा कणा. प्रत्येकाने आपल्या मागचा आणि पुढचा एक टप्पा नोंदवून ठेवावा, असे तत्त्व आहे. पाकिटावरचा बॅच किंवा लॉट क्रमांक त्यासाठी असतो. त्यात काही उत्पादक वर्षातला कितवा दिवस हे तीन अंकांत छापतात : ०६४ म्हणजे ५ मार्च, लीप वर्षात ४ मार्च. पुढे-मागे लाइनचा किंवा पाळीचा आकडा. हा मजकूर बहुधा तळाशी, शिवणीवर किंवा झाकणाच्या कडेला, पुसट शाईत असतो.

ग्राहकाने करावयाचे : सूचनेतील नाव, वजन, बॅच आणि तारीख चारही जुळवून पाहावीत, एकाच नावाचा दुसऱ्या बॅचचा माल बहुधा निर्दोष असतो. वास घेऊन किंवा चाखून ठरवू नये. बोटुलिनम विषाला ना वास ना चव. शिजवणे हाही उपाय नव्हे, कारण स्टॅफिलोकॉकस जंतूचे विष आणि अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष नेहमीच्या शिजवण्याने नष्ट होत नाहीत. असे अन्न जनावरांना घालू नये, कोणाला देऊही नये. लिस्टिरिया फ्रिजच्या थंडाव्यातही वाढतो, म्हणून असा पदार्थ ठेवलेला कप्पा धुऊन काढावा. पदार्थ आधीच खाल्ला असेल आणि बरे वाटत असेल, तरी गरोदर स्त्रिया, वृद्ध व दुबळी प्रतिकारशक्ती असलेल्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावे; लिस्टिरियाची लक्षणे ७० दिवसांपर्यंतही उशिरा दिसू शकतात. पैसे परत मिळण्याचे नियम देशागणिक निराळे आहेत.

परिणामकारकता : किती माल परत आला याचा हिशेब गोदामे व दुकाने यांपुरता चोख असतो. पाकीट फोडून जिन्नस बरणीत ओतला आणि वेष्टन कचऱ्यात गेले की बॅच क्रमांकही गेला. मग सूचना वेळेवर वाचूनही बरणीतला जिन्नस त्यातलाच का, हे सांगता येत नाही.